आठव्या दिवसाचा फोन

माझ्या मावशीने एकोणीस वर्षं लोकांना न बघता कॉम्प्युटर विकले. कंपनीचं दुकान नव्हतंच. गिऱ्हाइकाने फोन करायचा, मावशीने ऑर्डर घ्यायची, मग कारखान्यात त्याच्यापुरतं मशीन जोडून घरपोच पाठवायचं. फोनखोलीत बारा टेबलं होती. खिडकीजवळचं, एक पाय आखूड असलेलं, ते तिचं. त्या पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी असायची.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कशासाठी हवाय?" बाकीच्या बाया किंमत सांगून मोकळ्या व्हायच्या. मावशी वहीत लिहून घ्यायची. 'शिंपी. जुळ्या मुली, मशीन एकच, भांडणार. कीबोर्ड दोन.' 'निवृत्त मास्तर. डोळे अधू. अक्षरं मोठी.' आणि मशीन पोचलं की आठव्या दिवशी न चुकता फोन. "चालू झालं का? आवाज करतंय का?" हे तिला कंपनीने सांगितलेलं नव्हतं. आम्ही चिडवायचो, "मशीन विकलंस की दत्तक दिलंस?"

मग वरच्या साहेबांनी ठरवलं, की यापुढे माल दुकानांतून आणि विक्रेत्यांमार्फतच विकायचा. लोकांना वस्तू हाताळून घ्यायची असते म्हणे. त्यात खोटं काही नाही, मलाही कळतं. पण ज्यांनी जन्मात एक ऑर्डर घेतली नाही त्यांनी उंटावरून शेळ्या हाकाव्यात, याचा मला अजून राग येतो. सगळी मशीनं एकसारखी, बंद खोक्यातली झाली. गिऱ्हाईक दुकानदाराचं झालं, त्याचा नंबर कंपनीकडे येईनासा झाला. फोनखोलीचं गोदाम केलं आणि मावशीला कंपनीचा बिल्ला लावून एका दुकानात उभं केलं.

जित्याची खोड! पहिल्याच आठवड्यात एक आजी सगळ्यात महागडा कॉम्प्युटर घ्यायला आल्या. मावशीने विचारलंच, कशासाठी हवाय. नातवाशी बोलायला आणि पत्रं लिहायला, त्या म्हणाल्या.

"मग हा नका घेऊ. एवढा मोठा काय करायचाय? तुमच्यापुरता लहानसा जोडून..."

मावशी तिथेच थांबली. जोडून देणारं आता कोणी नव्हतं. आजी रिकाम्या हाताने गेल्या.

"बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की गिऱ्हाइकाच्या?" दुकानदाराने विचारलं.

"गिऱ्हाइकाच्याच की," मावशी सरळ बोलून गेली. पुढच्या महिन्यापासून ती घरी बसली.

वही तिने घरच्या फोनशेजारी ठेवली. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची. बहुतेक वेळा चुकीचा नंबर असायचा, तरी दोन मिनिटं बोलून घ्यायची. एकदा माझ्या आईला म्हणाली, "ताई, त्या शिंप्याच्या पोरी आता केवढ्या झाल्या असतील गं? मला त्या आवाजांची फार आठवण येते. नुसते चेहरे असते तर विसरले असते."

मी तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होते. मी कॉम्प्युटर घेतला तो दुकानातून, सवलत बघून, मावशीला न विचारता. मनात चोरटं वाटलं म्हणून फक्त आईला सांगितलं. आता आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

बरोबर आठव्या दिवशी फोन आला.

"नमस्कार. आठ दिवस झाले. चालू झालं का मशीन? आवाज करतंय का?"

मावशीच होती, पण आवाज ऑफिसातला. त्यात रागाचा मागमूस नव्हता.

मशीन पहिल्या दिवसापासून घरघरत होतं आणि तासाभरात आपोआप बंद पडत होतं. पण स्वतःच्या अकलेने घेतलेलं, कबूल कसं करणार? "छे गं, मस्त चाललंय," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं." मग फोन ठेवला.

ते 'बरं' मला स्वस्थ बसू देईना. इतक्या महिन्यांनी तिने कोणाला तरी तो प्रश्न विचारला होता आणि मी तिला चुकीच्या नंबरापेक्षाही लवकर वाटेला लावलं होतं. मी परत फोन लावला. पहिल्या घंटेलाच तिने उचलला.

"मावशी, खोटं बोलले. घरघरतंय गं ते. मधेच बंदही पडतं. घोडं कुठे पेंड खातंय, मला काही कळत नाहीये."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब, वही घेते," ती म्हणाली. "हं. आधी सांग, कशासाठी घेतलास?"