आईच्या बाथरूममधल्या दांड्या

ताईला हे ठाऊक नाही. आईला ठाऊक होतं, पण ती आता नाही. म्हणजे या घडीला हे फक्त माझ्यापाशी आहे — आणि आता तुमच्यापाशी. आजवर कुणाजवळ बोललो नाही. एकदोनदा अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो, मी आणि आई. माझं लग्न जमलं नाही. पुढे घरात तो विषय निघेनासाच झाला. मी एका विम्याच्या ऑफिसात कारकून. आई पुणतांब्याला शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ताई नाशिकला दिलेली. त्या भाऊबीजेला ती आली, तेव्हा आई बाथरूममध्ये नळाला धरून उठते हे तिनं पाहिलं. निघताना तिनं माझ्या हातात एक गिफ्ट कार्ड ठेवलं — भावोजींना कंपनीतून मिळालेलं, हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानाचं. ओवाळणी मी घालायची, आणि देऊन गेली ती. म्हणाली, भिंतीला स्टीलच्या दांड्या बसवून घे, याच आठवड्यात. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे खरं आहे.

मग मनमाड रोडवरच्या त्या दुकानात गेलोही. दांड्या कुठे आहेत ते विचारलं, त्या रांगेकडे निघालो — आणि वाटेत सुतारकामाची हत्यारं मांडलेली होती.

कसं सांगू? माझ्या हातानं आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. खिळासुद्धा वाकडा जायचा. आणि तिथे एक रंधा होता. जड, गार, मुठीला गुळगुळीत. मी तो उचलला आणि खाली ठेवता येईना. शेजारी पटाश्या होत्या, लहानापासून मोठीपर्यंत, एखाद्या घरच्या भावंडांसारख्या ओळीनं. करवत होती. धार लावायचा दगड होता. माणसाला पन्नाशीच्या जवळ असं काही होतं का? एखाद्या लहान मुलासारखं अंग शहारतं का? माझं शहारलं. कार्ड तिथेच संपलं.

दांड्या मी खिशातले पैसे घालून आणू शकलो असतो. त्याच दिवशी, त्याच दुकानातून. पैशांची अडचण नव्हतीच. अडचण ही, की बाहेर पडेपर्यंत दांड्या माझ्या डोक्यातून निघूनच गेल्या होत्या. घरी आल्यावर आठवल्या. म्हटलं, रविवारी.

वखारीतून सागाचे तुकडे आणले, गॅलरीत जुनं टेबल ओढलं. पहिले काही दिवस नुसतीच झटापट. आणि मग एका सकाळी रंधा अडकला नाही. सर्रकन पुढे गेला, आणि त्याच्या तोंडातून एक अखंड, कुरळं सालपट वर आलं, इतकं पातळ की त्यातून उजेड दिसत होता. फळी वरून राखाडी, मळकट. हात फिरवला, तर खाली मधासारखा रंग आणि वळणावळणाच्या रेषा. झाड होतं तेव्हापासून त्या तिथे होत्या, कुणी पाहिल्या नव्हत्या. पहिल्यांदा मी पाहत होतो. मी तसाच उभा राहिलो. आई बाहेर आली, तिनं ते सालपट उचललं आणि नाकाशी धरलं.

ताईचा फोन आला, दांड्या बसवल्यास का. मी म्हणालो, बसवल्या. किती सहज गेलं तोंडातून. आईनंही एकदा विचारलं होतं. तिला म्हणालो, पुढच्या रविवारी. ती म्हणाली, बरं. आणि नळाला धरून उठत राहिली.

असे किती रविवार गेले? मला सांगवत नाही.

ती पडली तेव्हा मी गॅलरीत होतो. रंधा मारत होतो. बादली आपटल्याचा आवाज आला, मग तिची हाक. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पडणं, मोडणं — एवढंच घडलं असतं, आणि मी रडून ताईला खरं सांगितलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला फारसं उरलं नसतं. पण आईला ऑपरेशनला आत नेलं आणि ताईचा फोन आला. ती नाशिकहून निघाली होती, रडत होती. दांडी होती ना रे, मग पडली कशी? आणि मी म्हणालो, "होती. धरली नसेल तिनं."

ऐकलंत ना? आई आत बेशुद्ध, आणि बाहेर मी हे म्हणालो.

मग शेजारच्या काकूंना दवाखान्यात बसवलं, कपडे आणतो म्हणालो, वाटेत दांड्या घेतल्या. घरी येऊन भिंतीला भोकं पाडली. हात थरथरत नव्हते — त्या हत्यारांनी एवढ्या दिवसांत माझा हात चांगलाच तयार केला होता. टाइल्सची पूड पुसली. नव्या दिसू नयेत म्हणून दांड्यांना साबणाचं पाणी लावून वाळू दिलं. ताई संध्याकाळी घरी अंघोळीला आली, तेव्हा दांड्या जागच्या जागी होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ताई आईवर चिडली. काळजीनंच चिडली. "एवढ्या दांड्या लावल्यात त्यानं, धरायला काय झालं होतं तुला?"

आईनं ताईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत राग शोधला मी, अजून शोधतो. नव्हता. पहिलीच्या वर्गात एखाद्या पोराची चड्डी ओली व्हायची, तेव्हा बाकीच्या मुलांना कळू न देता बाई त्याला हळूच बाहेर न्यायच्या — तसं काहीसं होतं. क्षणभर. मग ती उशीवर मान टेकवून म्हणाली, "विसरले गं. आता लक्षात ठेवीन."

माणूस इतकं मोठं असतं? औषधानं जीभ जड झालेली, पायात सळई घातलेली, आणि तेवढ्यात सगळं उमगून, कुणी शिकवलेलं नसताना, माझं खोटं तिनं उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. देवळात कधी उभं राहून मला जे झालं नाही, ते तेव्हा झालं. आणि तरी मी गप्प राहिलो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आणल्यावर तिला वॉकर धरून बाथरूमपर्यंत नेलं. तिनं दांडीवर हात ठेवला, जरा ओढून पाहिली. म्हणाली, "घट्ट बसवल्यास." बस. त्यानंतर त्यावर एक शब्द नाही. ना रागात, ना थट्टेत, ना आजारपणात.

ताई मात्र रोज फोनवर बजावायची — दांडी धर, विसरू नकोस. आई म्हणायची, हो गं, धरते. लग्नाकार्यात नातेवाईक तिला समजावायचे, काकू, या वयात जपायला हवं, सोय असून उपयोग काय. ती मान हलवायची. जिनं आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांची नावं, आजार, डबे लक्षात ठेवले, ती आमच्या सगळ्या गोतावळ्यात विसरभोळी ठरली. मी तिथेच असायचो, बाजूच्या खुर्चीवर.

लाज वाटून हत्यारं गुंडाळून ठेवली, असं सांगता आलं असतं. थोडे दिवस ठेवली होती. मग आईच म्हणाली, हल्ली गॅलरीत आवाज नसतो. मी पुन्हा सुरू केलं. आणि खोटं कशाला बोलू — लाकूड पूर्वीइतकंच सुंदर निघालं. माझ्या अपराधानं त्याच्या रंगात काही फरक पडला नाही. आई खुर्ची टाकून बघत बसायची. तिचे अखेरचे हिवाळे असेच गेले.

गेल्या वर्षी छातीत कफ साठून ती गेली. तेराव्याला पंगत बसली होती, मी वाढत होतो. ताई डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती — एवढी हुशार बाई, पण विसरायची हो. त्या दिवशी नुसती दांडी धरली असती, तर शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालली असती. सगळ्यांनी माना हलवल्या. मी भाताचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळलो.

आई विसरली नव्हती. तिथे धरायला काही नव्हतं.