अंगठ्याचं मलम

होळी होऊन ऊन तापायला लागलं, त्या दिवसांत आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: भीमाबाईंचा अंगठा.

जरीपटका वस्तीच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे. तिथे भीमाबाई मुलगा अमोल आणि सून माया यांच्याबरोबर राहतात. वय पासष्टच्या पुढे, अंगाने बारीक, आवाज अजून खणखणीत. नवीन माणूस भेटला की त्या आधी त्याच्या हातांकडे पाहतात, चेहऱ्याकडे नंतर. ही सवय त्यांना कामाने लावली. कळमन्याकडच्या मिरचीच्या एका गोदामात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. वाळलेली लाल मिरची डाव्या मुठीत धरायची, उजव्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत देठ पकडून मोडायचा, मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे. सकाळपासून दिवस कलेपर्यंत एवढंच काम. हातांची आग घरी आल्यावरही जात नसे. अमोल लहानपणी रडला तर त्याचे डोळे त्यांनी कधी बोटांनी पुसले नाहीत, मनगटाच्या मागच्या बाजूने पुसले. मी शाळेत शिकवायचो; अमोल माझ्या वर्गात होता तेव्हा त्यालाही तीच सवय होती. डोळे पुसायचे तर मनगटाने. मला वाटायचं, पोराची काही तरी लकब असेल.

तर त्या दिवसांत रेशनकार्डावरच्या प्रत्येक माणसाने दुकानातल्या मशीनवर बोट ठेवायचं होतं. बोट जुळलं तर माणूस कार्डावर राहणार, नाही जुळलं तर नाव कटणार, असं दुकानदार बळीराम प्रत्येकाला सांगत होता. अमोलचा अंगठा लगेच जुळला, मायाचाही जुळला. भीमाबाईंनी अंगठा ठेवला तर मशीनने नाही म्हटलं. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही.

मागे रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे उपाय होता. एकाने सांगितलं, अंगठा डोक्याच्या केसांवर घासा, तेल लागतं. दुसरा म्हणाला, तेल नको, साबणाने धुवा. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, फुंकर मारून गरम करा. भीमाबाईंनी सगळं केलं, ज्याने जे सांगितलं ते, त्याच क्रमाने. केसांवर घासलेला अंगठा धुतला, धुतलेला फुंकला. मशीन बधलं नाही. शेवटी बळीरामने त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उजेडात धरला. रेषा पार मिटल्या आहेत, चामडी कोरडी ठाण आहे, घरी काही तरी मऊ लावत जा आणि थोड्या दिवसांनी या, असं तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण मुदतीत झालं नाही तर माझ्या हातात काही नाही, हेही त्याने सांगितलं. मायलेक आधारच्या केंद्रावर गेले तर तिथेही बोटं नीट उमटली नाहीत आणि तिथल्या मुलानेही मलम लावून यायलाच सांगितलं. अमोलने मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं का ते पाहिलं, पण त्यासाठी मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा टाकावा लागत होता आणि तो आकडा जात होता वडिलांच्या नंबरवर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, नंबरही त्यांच्याबरोबरच गेला.

भीमाबाईंना धान्याची तेवढी चिंता नव्हती. अमोल शाळेची व्हॅन चालवतो, घरात दोन वेळच्या जेवणाची ददात नाही. त्यांची अडचण वेगळी होती. कार्डावर पहिलं नाव त्यांचं होतं. कुटुंबप्रमुख म्हणून फोटोही त्यांचा. दुकानातून येताना त्या मायाला विचारत होत्या की पहिलं नाव कटलं तर कार्ड कोणाचं राहतं. मायाला माहीत नव्हतं. घरी आल्यावर अमोलला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, राहू दे ना आई, आपण तर आहोतच. तेव्हा त्या म्हणाल्या,

"तू आहे, माया आहे. मी काय मंग पाहुणी हावो या घरात?"

 माया दुसऱ्याच दिवशी इतवारीच्या बाजारात जाऊन मधमाशीचं मेण घेऊन आली.

माया सासूला मामी म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. ती कोणी सांगेल ते मनावर घेणारी आणि ऐकेल ते करून पाहणारी बाई आहे. तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता: खोबरेल तेल, मेण आणि कोरफड यांचं घरचं मलम. बाजारचं काहून नाही आणायचं, असं भीमाबाईंनी विचारलं, तर माया म्हणाली, बाजारच्यात काय काय असतं कोणाला ठाऊक, अंगठा आणखी बिघडला तर? हे भीमाबाईंना पटलं. व्हिडिओतल्या बाईकडे मात्र त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि हिने कधी भांडी घासली असतील काय, असं त्यांनी मायाला विचारलं.

पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी ठेवली, वाटीत तेल आणि मेण वितळवलं. दारातल्या डब्यातली कोरफड कापून तिचा गर काढला आणि तसाच गरम तेलात टाकला. थंड झाल्यावर पाहतात तर वर तेलाचा थर आणि खाली हिरवट पाणी. दोघी वाटीभोवती बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेला मायाने तेल कोमट होऊ दिलं, गर गाळून थेंब थेंब सोडला आणि भीमाबाईंनी रवीने घुसळला. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मलम झालं. दोघींना इतका आनंद झाला की त्यांनी सिंधूताईंना बोलावून दाखवलं. चार दिवसांत त्याला वास सुटला. ताज्या कोरफडीत पाणी असतं, ते नासतं, हे तेव्हा कळलं. मग कोरफड वगळून नुसतं तेल आणि मेण केलं. ते नासलं नाही, पण दुपारच्या उन्हात डबीतून वाहून फळीवर आलं.

तेव्हा भीमाबाईंना टोरीचं तेल आठवलं. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. गोदामातल्या बाया मिरचीला हात लावायच्या आधी हे तेल चोळायच्या. भंडाऱ्याकडून येणाऱ्या भाचीने बाटलीभर आणलं. मायाला त्याचा वास सोसेना. अमोल जेवायला बसला की ताट घेऊन अंगणात जाई. पण त्यात मेण जरा जास्त घालून जे मलम झालं ते पिवळसर, घट्ट आणि बोटावर घेतलं की विरघळणारं होतं. उन्हात टिकलंही.

आता यापुढे जे झालं ते भीमाबाईंनाच सुचू शकतं. मशीन अंगठा मागतं, म्हणून त्यांनी मलम अंगठ्याला लावलं. फक्त अंगठ्याला, तोही उजव्या. एवढ्या खटपटीने केलेलं मलम बाकीच्या बोटांना कशाला? सकाळ-संध्याकाळ चोळायचं, वर जुन्या मऊ पातळाची चिंधी गुंडाळायची. तो अंगठा पाण्यात जाईना. भांडी चार बोटांनी घासायची, म्हणजे मायाने घासायची. भाकरी थापताना अंगठा वर. जेवताना अंगठा बाहेर. माया एकदा भांड्यांच्या ढिगाऱ्यावरून म्हणाली,

"मामी, अंगठ्याले माहेरी पाठवलं काय?"

"त्याले पेन्शन लागली वं," भीमाबाई म्हणाल्या. "लय कष्ट केले त्यानं."

पुढच्या खेपेला त्या दुकानात गेल्या तेव्हा निघताना त्यांनी अंगठ्यावर मलमाचा जाड थर दिला होता. परीक्षेला जाताना मुलं शेवटचं पान वाचत जातात, तसं. मशीनची काच बरबटली. त्यानंतर मागच्या माणसाचं बोटही उमटेना, त्याच्या मागच्याचंही नाही. रांगेतून कोणी तरी म्हणालं, आजीबाई लोणी घेऊन आल्या. बळीरामने काच रुमालाने पुसली, मग शर्टाने पुसली आणि पुढच्या वेळी हात कोरडा करून यायला सांगितलं. पुढच्या वेळी त्या अगदी स्वच्छ पुसलेला अंगठा घेऊन गेल्या. तरीही नाही. आता मुदतीचे थोडेच दिवस उरले होते.

भीमाबाईंचा गोंधळ इथून वाढला. अंगठा कोरडा होता तेव्हा मशीनने नाही म्हटलं. ओला होता तेव्हा नाही. मऊ झाला तेव्हाही नाही. त्या ओट्यावर बसून अंगठा डोळ्यांजवळ धरत, लांब धरत, मग जाणाऱ्या-येणाऱ्याचा अंगठा मागून पाहत. माझाही पाहिला. माझ्या अंगठ्यावर रेषा आहेत आणि त्यांच्यावर नाहीत, एवढं त्यांना दिसत होतं. त्या रेषा मलमाने परत येतात की नाही, हे त्यांनी मला विचारलं. त्यांचा अंगठा मात्र फार सुंदर झाला होता. बाकीचा हात भेगाळलेला, काळवंडलेला आणि मध्येच तो एक अंगठा तुळतुळीत, लहान मुलाचा असावा तसा. जणू दुसऱ्या कोणाचा आणून लावला.

शेवटच्या खेपेला माया बरोबर गेली. दुपारची वेळ होती, बळीराम जेवायला गेला होता आणि मशीनवर त्याची मुलगी काजल बसली होती. अंगठा ठेवला, नाही. काजलने उजव्या हाताची बाकीची बोटं एकेक करून ठेवायला लावली. हे बापाने कधी केलं नव्हतं. एकही जुळलं नाही. भीमाबाईंनी हात पदराखाली घेतला आणि त्या निघायला वळल्या, तेव्हा काजल म्हणाली,

"मावशी, डावा हात द्या ना."

भीमाबाई थांबल्या. मायाही थांबली. इतक्या खेपा झाल्या, रांगेतल्या पन्नास जणांनी सल्ले दिले, पण डाव्या हाताचं नाव कोणी काढलं नव्हतं, कारण ते कोणाच्या मनातच आलं नव्हतं. अन्नाला, पैशाला उजवा हात पुढे करायचा, हे आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. अमोलला लहानपणी डाव्या हाताने भाकरी घेतली म्हणून भीमाबाईंनीच चापट्या मारल्या होत्या.

"धान्याले डावा हात देऊ काय वं पोरी?"

काजल हसली नाही. मशीनला उजवा-डावा कळत नाही, एवढंच म्हणाली. भीमाबाईंनी मायाकडे पाहिलं. मायाने मान हलवली. मग त्यांनी डावा हात आधी पदराला पुसला आणि चोरून काही तरी द्यावं तसा पुढे केला. डावा अंगठा जुळला नाही. त्याच्या शेजारचं बोट नाही, मधलं नाही. करंगळीजवळच्या बोटावर मशीनने हो म्हटलं. काजलने मशीन त्यांच्याकडे वळवून नाव वाचून दाखवलं, पहिल्यापासून आडनावापर्यंत.

मायाने डोळे टिपले. भीमाबाई मात्र तशाच उभ्या होत्या. धान्य उचलायला परत एकदा बोट लावायचं होतं. त्यांनी डावा हात मागे घेतला आणि उजवा अंगठा पुढे केला.

"आता तं त्यानं ओळखलं ना मले," त्या म्हणाल्या. "मंग आता हा लावून पाह्य."

काजलने लावू दिला. मशीनने नाही म्हटलं. पुन्हा डावं बोट लावलं, धान्य मिळालं.

घरी येईपर्यंत एकटी मायाच बोलत होती.  तिचं म्हणणं, काही झालं तरी नाव राहिलं ना. पण तिच्या आवाजात थोडी खंत होती, कारण त्या बोटाला तिच्या मलमाचं नखभरही लागलं नव्हतं. संध्याकाळी अमोल म्हणाला, आज सर्व्हर चांगला असेल, उगाच बोटाचं कौतुक. बळीराम म्हणाला, मलम हाताला लागलं की ते अंगभर उतरतं, डाव्यालाही पोचलं असेल. सिंधूताईंचं मत पडलं की काजलचा हातगुण चांगला. भीमाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ओट्यावर बसून त्यांनी डावी मूठ वळली, जशी त्या गोदामात मिरची धरायच्या तशी, आणि ते बोट कुठे येतं ते पाहिलं. मिरची अंगठ्यात आणि पुढच्या दोन बोटांत राहायची, हे बोट नुसतंच बाजूला असायचं.

"यानं कधी काहीच नाही केलं," त्या मला म्हणाल्या. "अन् याच्यावर मी निघाली. ज्यानं केलं तो मी नाही, म्हणते मशीन. कसं समजाव हे?"

 मी म्हटलं, नाव तर राहिलं. त्या म्हणाल्या, हाव, राहिलं, आणि पुन्हा मूठ वळून पाहू लागल्या.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, पण पसरली ती अर्धीच. लोकांनी ऐकलं की भीमाबाईंनी मलम केलं आणि मशीनने त्यांना घेतलं. ज्या बायांची बोटं उमटत नव्हती त्या डब्या घेऊन येऊ लागल्या. धुणीभांडी करणाऱ्या, विड्या वळलेल्या, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवलेल्या. मायाला वाटायचं, आलेल्यांना मलम गुणकारी आहे म्हणावं, त्यात खोटं काय, हात तर मऊ होतातच. भीमाबाई तसं म्हणायला तयार नव्हत्या. प्रत्येकीला त्या पहिल्यापासून सगळं सांगत: अंगठा, चिंधी, बरबटलेली काच, डावा हात. बाया शेवटपर्यंत ऐकत आणि डबी पुढे करत. मग त्या मायाला वाटी चुलीवर ठेवायला सांगत आणि रवी घेऊन बसत.

परवा मी तिथेच होतो, तेव्हा सिंधूताई आपली डबी घेऊन आल्या. मलमात रवी घालायचं काम नसतं, पाण्याचा थेंबही नसतो, पण भीमाबाई घुसळत होत्या. सिंधूताईंनी विचारलं की दिवसातून किती वेळा लावायचं आणि उजव्या अंगठ्याला की डाव्या. भीमाबाईंनी त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळी बोटं एकेक दाबून पाहिली.

"दहाही बोटाले लावजो," त्या म्हणाल्या. "कोणतं आपलं निघन, मले तरी नाही सांगता येत."

सिंधूताई डबी झाकून निघाल्या आणि दाराशी थांबल्या. मुदत आणखी वाढली आहे म्हणतात, ते खरं काय, असं त्यांनी मला विचारलं. मलाही ते माहीत नव्हतं.