फोडी सोडल्या, रस्सा चालू

कोलेस्टेरॉल या विषयावर आमच्या थोरल्या साडूंइतकं अज्ञान अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी जमवलं नसेल, आणि तेवढ्या भांडवलावर इतक्या मोठ्या आवाजात तर कुणीच बोललं नसेल. शिरोलीच्या एका फौंड्रीत जन्म काढल्यामुळे माणूस म्हणजे एक मशीन आणि त्याचे मेकॅनिक आपण, अशी त्यांची पक्की समजूत. "इंजनाला ऑईल लागतंय का न्हाय? मग काळजाला नगं व्हय?" असं विचारत ते भाकरीवर तुपाची वाटी उपडी करत. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं वाचल्यापासून तर फोडणीचं तेल दुप्पट झालं. बियांच्या तेलात ते मुळातच नसतं, म्हणून तेल काही ओतून घ्यायचं नसतं, असं मी म्हटलं तर उत्तर आलं, "पावणं, तुमी बँक सांभाळा, जेवणातलं आमाला कळतंय." बाजारचं तूप शिरा बुजवतं आणि घरच्या म्हशीचं त्या धुऊन काढतं, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. म्हैस ओळखीची असली की तिची चरबी माणसाला बाधत नाही, असं बहुधा त्यांना वाटत असावं.

गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागली तेव्हा अक्कानं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, रडून-भांडून त्यांना तपासणीला नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी बजावलं, मटण बंद. आणि साडूंनी ते खरोखर त्याच दिवशी बंद केलं. बुधवार-रविवारी ताटात मटणाची एक फोड घेईनात. आम्ही सगळे गहिवरलो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा चक्क वर चढलेला. साडूंनी लॅबवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मुद्दाम एका रविवारी जेवायला गेलो, तेव्हा उलगडा झाला. ताटात फोडी नव्हत्याच, पण तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवणं चालू होतं, आणि तांबड्यावरचा तवंग ते भाकरीनं टिपून घेत होते.

"दादा, हे काय?"

"रस्सा. मटण सोडलंय की मी."

"अहो, मटणाची चरबी वितळून यातच उतरते. आणि पांढऱ्यात नारळाचं दूध आहे ते वेगळंच!"

"काय तरीच! रस्सा म्हंजे पाणी. पाण्यानं कुणाचं काळीज बंद पडलंय?"

स्वयंपाकघरातून अक्का आणखी एक वाटी घेऊन आली. नवरा पथ्य पाळतोय या आनंदात ती बिचारी स्वतःच्या हातानं वाढत होती. रस्सा म्हणजे पाणी, यावर त्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं. मी तो किस्सा मीठमसाला लावून साऱ्या पाहुण्यारावळ्यांत सांगितला. लोक पोट धरून हसले. अक्काला मात्र शेजारी बसवून शांतपणे समजावून सांगायचं मला सुचलं नाही.

दोन महिन्यांतच साडू छातीला हात लावून खाली बसले. दवाखान्याच्या बाकावर अक्का पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दाजी, मीच वाढत हुते वो." काळजाच्या नळीत दोन स्टेंट बसले, माणूस वाचला.

आता ते वाफवलेली भाजी खातात आणि कुणाशी वाद घालत नाहीत. परवा नातवाच्या जावळाला मटण मात्र त्यांनीच रांधलं. जेवणाची पंगत बसायच्या आधी त्यांनी मला पातेल्याजवळ बोलावलं आणि पळीभर तांबडा रस्सा पुढं केला. "पावणं, मीठ बघा की जरा. मला चाखता येत न्हाय."

मीठ अगदी बरोबर होतं. एवढी वर्षं ज्यांना मूर्ख ठरवण्यात मी सुख मानलं, ते पळी हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभे होते.