पक्का वाळलेला पाइप

गॅरेजमध्ये स्पेअर पार्टपेक्षा किस्से जास्त साठतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. गरम झालेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही. उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर! म्हणून गाडी गार होईपर्यंत मालकाला माझ्या बाकड्यावर बसावं लागतं. एक चहा होतो, दुसरा होतो, आणि मग माणूस घरातलं सगळं सांगायला लागतो.

माझं गॅरेज जवळा बाजारला, मेन रोडवर. नव्या गाड्या माझ्याकडं फिरकत नाहीत, त्या शोरूमला जातात. माझ्या वाट्याला जुन्या गाड्या आणि त्यांच्याहून जुन्या सवयींचे मालक. त्यात पहिला नंबर दत्तरावांचा.

*

दत्तराव हट्ट्याचे, हळदीचे शेतकरी. गाडी सेकंड हँड घेतलेली, पांढरी, डिझेल. त्यालाही बरीच वर्षं झाली. एकुलत्या एका लेकीची, रेणुकाची, लग्नानंतरची पाठवणी याच गाडीतून झालेली. त्यामुळं गाडीला नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत.

एकदा सर्व्हिसिंगला आले. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडं नेणारा रबरी पाइप असतो, तो मी दाबून बघितला. चांगला पाइप गार असताना दाबला की थोडा दबतो आणि सोडला की जागेवर येतो. हा दबेचना! नुसता लाकूड झालेला.

"दत्तराव, बदला आता हे पाइप. सगळे."

त्यांनी नखानं पाइपावर टकटक केलं आणि खूश झाले. "काहून बदलायचे? आवाज ऐका की! पक्का वाळलाय. हळद अशी वाळली की आमी पोत्यात भरतो, अन् तुमी फेकून द्या म्हनता?"

मी पाइप जरासा वाकवला. पोटाला ही भेग पडली! मोडेन पण वाकणार नाही, अशी त्याची गत.

दत्तरावांनी भेग बघितली, माझ्याकडं बघितलं. "पाइप बराबर होता मिस्त्री. तुमी मोडला." भेगेवर पट्टी गुंडाळून घेतली आणि गाडी तशीच घेऊन गेले.

*

आमच्या बाकड्यावरचे दुसरे मानकरी खंडूमामा. मेंढरंवाले. आठवडी बाजाराला बोकडं घेऊन येणारा त्यांचा जुना पिकअप माझ्याकडंच असतो.

त्यांच्या पाइपाची तऱ्हा उलटी. क्लिपेच्या शेजारी टम्म फुगलेला आणि हाताला मऊ लागणारा. म्हणजे आतून रबर कुजलंय आणि पाइप आता केव्हाही फुटणार.

मामा पुढं झाले. मेंढराच्या पाठीवर कण्याशेजारी बोटं रोवून मांस बघतात ना, अगदी तसा त्यांनी पाइप चाचपला. मान डोलावली.

"भरलाय चांगला!"

मी कपाळाला हात लावला. हळदवाल्याला कडक पाइप चांगला वाटतो, मेंढरंवाल्याला फुगलेला! मधला, खरा चांगला पाइप ओळखणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

*

गेल्या दिवाळीची गोष्ट. रेणुकाला हिंगोलीत दिलेली. सणाला लेकीला आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो. तो मान भावाचा, पण रेणुकाला भाऊ नाही, म्हणून मुराळी दरवेळी दत्तरावच. नवा पटका, फराळाचे डबे, आणि ती पांढरी गाडी.

येताना औंढ्याच्या चढाला तोच पट्टी गुंडाळलेला वरचा पाइप फुटला. वाफेचा लोट! रेणुका खाली उतरली, थोडा वेळ वाट बघितली, आणि मागून आलेल्या एसटीला हात केला. दत्तराव गाडीपाशी राहिले. मी जाऊन गाडी ओढून आणली आणि फुटलेला तेवढा पाइप बदलून दिला. ते घरी पोचले तेव्हा लेक जेवून झोपली होती.

हट्ट्यात अजून म्हणतात, लेक आधी आली आणि मुराळी मागून!

दत्तरावांच्या मंडळी, सुलोचनावहिनी, शांत बाई. आवाज चढवत नाहीत. त्यांनी दारातच सांगितलं, "सगळे पाइप बदलल्याबगर माझी लेक पुन्हा ह्या गाडीत बसनार न्हाई."

*

"एक बदललाय की," दत्तराव मला म्हणाले. "बाकीच्यांनी काय घोडं मारलं?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "मालक, जोडीत एक बैल तरणा अन् एक म्हातारा जुंपला तर काय होतं?"

"म्हाताऱ्याला तकलीफ होते."

"मग?"

"मग म्हाताऱ्याला हळू हाकायचं!" म्हणाले आणि गाडी हळू चालवत निघून गेले.

*

काही दिवसांनी दत्तरावांच्या गाडीत गोड वास यायला लागला. साध्या पाण्याऐवजी मी हिरवं कूलंट घातलेलं. ते गळलं की वास गोडसर येतो. दत्तरावांना वाटलं, बाजारातून आणलेला गूळ कुठंतरी सांडला. सीटा काढल्या, पायपुसणी झटकली, डिकी धुतली. गूळ काही सापडेना.

सुलोचनावहिनी ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "गूळ पाइपात आसंल."

दत्तराव रागानं गाडी घेऊन माझ्याकडं आले. मी बोनेट उघडलं. खालच्या पाइपाच्या तोंडाशी हिरवा थर साचलेला. गळतीची ही खूण अगदी पक्की. मी क्लिप आवळून दिली, पण हे चार दिवसच टिकेल, हेही बजावलं.

"आता घरी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगा."

"मंग गूळच बरा!" दत्तराव म्हणाले, आणि जाताना खरोखरच एक ढेप विकत घेऊन गेले.

*

त्यानंतर एके दिवशी सकाळी गॅरेज उघडतोय तोवर दत्तराव हजर. हातात पेढ्यांचा पुडा. रेणुकाला दिवस गेले होते. मला पेढा दिला, खंडूमामांना दिला, आणि गाडीकडं बोट करून हळूच म्हणाले, "सगळे बदला. वरचा, खालचा, बारके, झाडून सगळे. क्लिपाबी नव्या."

मी बघतच राहिलो. वर्षानुवर्षं मी घसा कोरडा केला तो वाया, आणि आज एका शब्दावर काम!

काम संपलं. नवे काळेभोर पाइप बघून मलाच बरं वाटलं. दत्तराव मात्र अस्वस्थ.

"मिस्त्री, ह्याला जरा माती लावा."

"काय?"

"जुने दिसू द्या. घरी कळता कामा न्हाई."

"अहो, पण वहिनींनाच तर हे पाहिजे होतं! कळलं तर लेक गाडीत बसेल."

"कळलं तर मालकीन म्हनंल, मी इतके दिवस काय सांगून राहिले व्हते? जल्मभर ऐकावं लागंल."

"मग पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येईल कशात?"

दत्तरावांनी नुसतं मातीकडं बोट केलं. लेक आपल्याच गाडीतून घरी यावी, ही त्या माणसाची एवढीच इच्छा, आणि तिच्या आड तो स्वतःच उभा! मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शेवटी मी ग्रीसचा हात मातीत घालून नव्या पाइपांवरून फिरवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ घेऊन दत्तराव घरी गेले.

*

रेणुकाला सातवा लागला. सासरी डोहाळजेवण झालं आणि तिला माहेरी आणायचा दिवस ठरला. वहिनींनी भाड्याची गाडी सांगितली. एसीवाली, चकचकीत. त्यात मायलेकी बसल्या. मुराळी मागं पांढऱ्या गाडीत. सोबत लेकीच्या बॅगा.

भर दुपारी ती चकचकीत गाडी माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. बोनेटमधून वाफ! ड्रायव्हर फडकं घेऊन झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागून दत्तराव ओरडत आले, "आरं, हात भाजंल! गार होऊ दे!"

मी बघितलं. पाइप फाटलेला. त्या मापाचा माझ्याकडं नव्हता.

रेणुका बाकड्यावर बसली. पत्रा तापलेला, वारा नाही. वहिनी मला विचारत होत्या, "एसटी कवा हाय?"

मी दत्तरावांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. सांगू नका.

रेणुकानं पदरानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. मग पाय लांब केले आणि डोळे मिटून बसली.

दत्तराव उठले. आपल्या गाडीकडं गेले, बोनेट उघडलं आणि शेजारी मान खाली घालून उभे राहिले.

वहिनी तिथं गेल्या. एव्हाना गार झालेल्या पाइपावरून बोट फिरवलं. माती निघाली, खाली कोरं काळं रबर. दुसऱ्यावर फिरवलं. तिसऱ्यावर फिरवलं. एकेक दाबून बघितला, अगदी बराबर, मी दाबतो तसा.

"कवा बदलले?"

"पेढे वाटले त्या दिशी."

वहिनींनी बोटाची माती पदराला पुसली. मी उगाच पाना पुसत राहिलो.

मग त्या लेकीकडं वळल्या. "ऊठ बाई. बस बाबाच्या गाडीत, म्होरं बस."

रेणुका पुढं बसली, वहिनी मागं बॅगांमध्ये. गाडी निघाली, थोडी गेली आणि थांबली. दत्तरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा फुललेला.

"मिस्त्री! त्या ड्रायव्हरला सांगा, सगळेच पाइप बदल म्हनाव! एकट्यानं भागत न्हाई!"

मागच्या खिडकीची काच खाली आली.

"अन् हेबी सांगा," वहिनी म्हणाल्या, "बदलले की घरी सांग म्हनाव!"