पंचमीच्या दिवशी न उचललेला दगड

जुलैत, मंगळवारी सकाळी, माझी पत्नी कॉलेजला जायला निघाली आणि जिन्यात बसली. मी दाराला कुलूप लावत होतो. मी हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. बुधवारी दफन झालं.

ती नगरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मी तिथल्याच ग्रंथालयात होतो आणि तिच्या आधी निवृत्त झालो. दरवर्षी पाऊस स्थिरावला की ती विद्यार्थ्यांना घेऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायची, साप आणि बेडूक बघायला. पकडायला नाही, हे ती बसमध्ये चढण्यापूर्वी प्रत्येकाकडून वदवून घ्यायची. मीही जायचो. मला सापांची आवड होती असं म्हणता येणार नाही. मला तिच्याबरोबर जाण्याची सवय होती, आणि तिला दगड उचलायला माणूस लागायचा.

दगड उचलण्याची एक रीत आहे. दगड आपल्या बाजूला ओढून कलता करायचा, म्हणजे त्याची पलीकडची कड वर येते. खाली कोणी असेल तर त्याला समोर जायला वाट मिळते आणि दगड आपल्या पायांच्या आड उभा राहतो. बघणाऱ्याने बाजूला, दोन हात लांब राहायचं. यात एकच अडचण अशी, की जो दगड धरतो त्याला खालचं काही दिसत नाही. त्याला दगडाची पाठ दिसते, शेवाळ दिसतं, आपली बोटं दिसतात. मी धरायचो आणि ती बघायची. बहुतेक वेळा ती म्हणायची, "नाही. ठेवा." मग दगड होता तसाच, त्याच खाचेत, तीच बाजू वर ठेवून बसवायचा. दगड वाकडा बसला तर खालची ओल उडते आणि तिथे राहणाऱ्यांचं घर मोडतं, म्हणून ती स्वतः वाकून कडा तपासायची. कधी ती "आहे" म्हणायची आणि नाव सांगायची. मी दगड ठेवून पुढे येईपर्यंत ते जनावर बहुधा गेलेलं असायचं. त्यामुळे अनेक जिवांची मला फक्त नावं ठाऊक आहेत, तिच्या आवाजातली.

मागच्या सहलीत आम्ही एका भातखाचराच्या बांधावर होतो. विद्यार्थी पुढे गेले होते. उंबराच्या मुळाशी एक चपटा दगड होता, परातीएवढा. मी तो कलता केला आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. माझे हात भरून आले.

"आहे का काही?"

"देवगांडूळ," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, देवळात किंवा आमच्या चर्चमध्ये माणूस बोलतो तसा.

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकांचा भाऊबंद, पण त्याला पाय नाहीत. मातीखाली राहतो, डोळे असून नसल्यासारखे, अंगावर वळ्या. लोक त्याला साप समजून मारतात किंवा गांडूळ समजून सोडून देतात. इतकी वर्षं ती डोंगरात जात होती, पण जिवंत देवगांडूळ तिने पहिल्यांदाच पाहिला. मी दगड ठेवून तिच्या बाजूला आलो तोवर ओल्या मातीत एक बारीक भोक उरलं होतं.

"तुम्हाला दिसायला हवा होता," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी धरते, तुम्ही बघा. हाच दगड."

"तुला पेलेल का?"

"नाही पेलला तर तुमच्या पायावर पाडीन. मग दोघंही बसून बघू."

ती गेल्यावर तिच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक, जी आता तिच्याच विभागात शिकवते, मला भेटायला आली. सहल करायची की नाही असं तिला विचारायचं होतं. मी करा म्हणालो. ती म्हणाली, "सर, नागपंचमीला सुट्टी आहे. त्याच दिवशी गेलो तर? मॅडमसाठी तोच दिवस योग्य वाटतो." मला ते बरं वाटलं. आमच्या घरी पंचमी नसते, आम्ही ख्रिस्ती आहोत. विद्यार्थ्यांच्या घरी असते, पण नगरात आणि आमच्या केडगावात ती पाटावरच्या नागापुरती आणि पुरणाच्या दिंडांपुरती उरली आहे. सापांचा दिवस, सापांवर जीव असलेली बाई, आणि सापांच्या शोधात निघालेले तिचे विद्यार्थी. यात काही चुकतंय असं आम्हा कोणालाच वाटलं नाही.

मी येतो असं सांगितलं. कबरीवरची माती अजून बसली नव्हती, दर पावसात थोडी खचत होती आणि मी जाऊन भर घालत होतो. नातेवाईक म्हणाले, इतक्यात कशाला जायचं. त्यांना मी दगडाचं सांगितलं नाही. तो दगड कोणीतरी माझ्यासाठी धरावा आणि मी एकदा खाली बघावं, एवढंच मला हवं होतं. त्या महिन्यात मला दुसरं काहीही हवं असल्याचं आठवत नाही.

आम्ही पहाटे निघालो, संगमनेरला चहा घेतला आणि राजूर ओलांडून डोंगरात शिरलो. दरवर्षी आम्ही ज्यांच्या पडवीत उतरतो त्या घरच्या बाई अंगण सारवून बसल्या होत्या. हातांवर मेंदी होती. भिंतीवर नाग काढलेले होते आणि त्यांच्यापुढे लाह्या. माझ्याकडे बघून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग आमच्या पोरांनी बसच्या टपावरून लोखंडी आकड्या उतरवल्या आणि बाईंनी विचारलं, "ह्ये कशाला काढलं?"

"मावशी, आकड्या आहेत. दगड सरकवायला."

"आज?"

कोणाला काही कळलं नाही.

"आज पंचमी हाय. आज दगूड उलटायचा न्हाई, माती उकरायची न्हाई, इळा-कोयता न्हाई. आमचं औत बी उभं हाय बगा." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, आपल्या बाई दर साली फोन करायच्या. इचारायच्या, मावशी, कवा येऊ? मी पंचमी सोडून सांगायची. यंदा फोन आला त्यो, आमी येतोय म्हनून. आमच्या मालकांनी 'या' म्हनलं. पावन्याला कोन नको म्हनतंय?"

हे मला माहीत नव्हतं. तारीख कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरते असं मी समजत होतो. ती दरवर्षी आधी या घराला विचारत होती आणि मग कॉलेजला सांगत होती. पंचमीला सुट्टी असूनही ती तो दिवस का धरत नाही, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं.

पोरांनी आकड्या पुन्हा टपावर चढवल्या. एक जण पोह्यांसाठी कांदे घेऊन बसला होता. त्याने सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मावशी, कांदा बुक्कीनं फोडला तर चालेल?"

"बुक्कीला नागाची हरकत न्हाई. तुझ्या हाताला आसली तर बघ."

सगळे हसले. मीही हसलो असेन. त्या दिवशी त्या घरात तवा चढला नव्हता, सगळं उकडलेलं होतं. आम्ही दिंडं खाल्ली आणि बाहेर पडलो.

हात न लावता शोधायला निघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मुलांना हातांचं काय करावं तेच समजेना. शेवटी बहुतेकांनी ते पाठीमागे बांधले आणि पाहणीला आलेल्या साहेबांसारखी ती बांधांवरून चालू लागली. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग पायाखाली सगळीकडे बेडूक असल्याचं लक्षात आलं, नखाएवढे, नुकतीच शेपूट गळालेले. खाचराच्या पाण्यात एक दिवड साप डोकं वर काढून थांबला होता. करवंदीच्या जाळीत हरणटोळ साप होता. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो तरी अर्ध्या मुलांना तो दिसेना. हिरव्यातला हिरवा. तो वाऱ्याबरोबर फांदीसारखा हलायचा आणि वारा थांबला की थांबायचा. तिने हे सगळं मला पूर्वी सांगितलं होतं. मी तेव्हा पुढचा दगड शोधत असायचो.

दुपारी पाऊस थांबला. मुलं ओढ्याकडे गेली आणि मी उंबराकडे गेलो. दगड तिथेच होता. कडेने तेरडा उगवला होता. मी उकिडवा बसलो. विभागात शिकवणारी ती मुलगी माझ्यामागून आली होती. तिला या दगडाची गोष्ट मॅडमकडूनच ठाऊक होती, हे ती पहिल्यांदाच बोलली.

"सर, इथे कोणी नाही. मी धरते, तुम्ही बघा. लगेच ठेवू, होता तसा."

माझी बोटं दगडाच्या कडेखाली गेली होती. खालची माती गार होती. मुलीने समोर येऊन जागा घेतली, नेमकी उचलणाऱ्याची जागा. मी बोटं न काढताच बाजूला सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बघणाऱ्याच्या जागेवर होतो.

तेवढ्यात घरच्या बाई वरच्या बांधावरून आल्या. वारुळाला दूध घालून परत चालल्या होत्या, हातात रिकामी वाटी होती. आम्हाला बघून थांबल्या. रागावल्या नाहीत. तिथेच ओल्या बांधावर बसल्या.

"ह्योच का त्यो? बाई बोलल्या हुत्या मागच्या साली. खाली काय लई गुनाचं हाय म्हनं."

"मला बघायचं होतं," मी म्हणालो. "तिने दाखवायचं ठरवलं होतं."

त्यांनी वाटी बांधावर उपडी ठेवली. "काल उपास केला भावासाठी. दुधाचा टँकर चालवतो, घाटातनं. येकच भाऊ हाय मला." मग म्हणाल्या, "मी न्हाई म्हनत न्हाई, सर. तुमचं दुख मोठं हाय. पन तुमी आजची रात ऱ्हावा. उद्या सकाळी मी सोता धरते."

मी राहू शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशी केडगावात, घरी, तिला जाऊन महिना झाल्याची प्रार्थना होती. पाळक येणार होते, राहुरीहून तिची बहीण येणार होती. मी तसं सांगितलं.

"मंग तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या आणि उठल्या नाहीत.

दगड उचलल्याने घाटातल्या टँकरचं काही बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या पत्नीलाही ठाऊक होतं. पंचमीच्या आसपास शाळाशाळांतून फिरून साप दूध पीत नाही हे सांगण्यात तिची किती वर्षं गेली. तरी ती दर वर्षी या बाईंना विचारूनच इथे येत होती, आणि पंचमीच्या दिवशी इथे कधी आली नव्हती. तिने समजावून का सांगितलं नाही, याचा मी त्या बांधावर बसून विचार केला. भाऊ त्यांचा होता. टँकर घरी पोहोचेपर्यंत ती रात्र त्यांना काढायची होती, आम्हाला नाही. माणूस सकाळी दारातून बाहेर पडतो आणि घरचा दुसरा माणूस दाराजवळच राहतो, हे आता मलाही माहीत होतं.

मी बोटं बाहेर काढली. नखांत माती होती. मुलीला म्हटलं, "राहू दे." तिचे डोळे भरले होते, तिने तोंड फिरवलं.

बाई म्हणाल्या, "चला, च्या टाकते." आम्ही तिघं वर चढलो. बांध निसरडा होता, त्यांनी माझा दंड धरला.

संध्याकाळी निघताना त्यांनी दिंडं बांधून दिली, उद्या येणाऱ्या पाहुण्यांसाठी. प्रार्थनेनंतर ती आम्ही वाटून खाल्ली. कशाची आहेत असं पाळकांनी विचारलं. पंचमीची, असं मी सांगितलं. त्यांनी आणखी एक घेतलं.

त्या पावसाळ्यातच खाचराचा बांध फुटला. घरच्यांनी आजूबाजूचे दगड गोळा करून तो पुन्हा घातला, आणि उंबराखालचा चपटा दगडही त्यात गेला. बाईंनी फोन करून ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, बांध महत्त्वाचा. भाऊ बरा आहे का, हेही विचारलं. बरा होता.

आता माझ्या पत्नीच्या जागेवर ती मुलगी आहे. सहल चालू आहे, मीही जातो. पत्नीचे बूट विद्यार्थिनींपैकी एकीला बसले, ती ते वापरते. कबरीची माती बसली आहे. देवगांडूळ मी अजून पाहिलेला नाही.