एलिफासचा समुद्र आणि म्हाताऱ्याचे कान

एलिफास आमच्या गावाचा समुद्र-राखणदार. मालुकूतल्या आमच्या बेटावर खांबाला माडाची झावळी बांधली की तेवढा समुद्र सहा महिने बंद. कुणी पाऊल टाकलं, तर गळ्यात पत्र्याचा डबा अडकवून, तो बडवत चर्चपासून धक्क्यापर्यंत चालायचं आणि मागून राखणदारानं गुन्हा ओरडायचा. आत जायची मुभा एकट्या राखणदाराला. एलिफासनं ती अकरा वर्षांत वापरली नाही. गुडघे दुखतात म्हणे. पाण्याला भितो, असं मी कुठं बोलत नाही. फक्त भेटेल त्याला सांगतो.

बापाकडून आलेली राखणदारीची काठी मांडीवर घेऊन तो किनाऱ्यावरच्या दगडावर बसे. समोर गुडघाभर पाण्यात 'म्हाताऱ्याचे कान'. हे एक मऊ प्रवाळ. चामड्यासारखं, कानासारखं मुडपलेलं, खुशीत असलं की अंगभर लव फुललेली. पुस्तकवाल्यांनाही त्याची फारशी खबर नाही.

यंदा बंदी उठायला आठवडा राहिला आणि लव गेली. कान आक्रसून मेणचट, करडे झाले. राखणीतला समुद्र मेला तर काठी काढून घेतात, आणि काठीत एलिफासचा जीव. रविवारी प्रार्थना संपते न संपते तोच त्यानं मेहुण्यावर, निकसनवर, बोट रोखलं.

"यानंच मासे धरायला मुळीचं विष ओतलं! होडी घेऊन गेला होता!"

"होडीच्या बुडाला भोक आहे, दाजी!"

"मग पोहत गेला असशील!"

डबा आणायला माणूस पळाला. तेवढ्यात एलिफासची बायको डोर्सिना उठली. "अहो, जवळ जाऊन पाहिलंत?"

"दगडावरून स्वच्छ दिसतं."

"तेवढ्या लांबून मीसुद्धा तरुण दिसते. चला, उतरा पाण्यात."

"गुडघे..."

ती थांबलीच नाही. अख्खं गाव मागोमाग, आणि ही थेट झावळीच्या खांबापलीकडे! वाकून तिनं एका कानावरून बोट फिरवलं. पातळ सालपट सुटून आलं. खाली कोवळा, पिवळसर रंग.

"कात टाकतंय हो हे! विष नाही नि बिष नाही. समुद्र खुला असला की शिंपल्या वेचताना आम्ही बायका नेहमी बघतो. कुणी विचारलं तर सांगू ना!"

निकसन सुटला. पण बंद समुद्रात पाऊल पडलं होतं, तेही साऱ्या गावादेखत.

"जाऊ दे," गावप्रमुख पुटपुटला, "घरचीच बाई."

"का म्हणून जाऊ दे?" डोर्सिनानं निकसनसाठी आणलेला डबा स्वतःच गळ्यात घातला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

एलिफासचं तोंड बघण्यासारखं झालं. ओरडावं तर घरी जेवण नाही, न ओरडावं तर कसला राखणदार? शेवटी काठी उचलून तो तिच्या मागं चालू लागला.

"ही डोर्सिना! बंद समुद्रात शिरली!" मग दुप्पट आवाजात, "कारण तिचा नवरा अकरा वर्षं दगडावर बसला! मेहुण्यावर खोटा आळ घेतला!"

"धक्क्यावर ऐकू गेलं नाही, दाजी!" निकसन शीळ घालत म्हणाला.

काठी गावानं एलिफासकडेच ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्वारी कमरेभर पाण्यात, आणि डोर्सिना काठावर.

"अजून दोन पावलं!"

"इथं खेकडा आहे!"

"मग त्याला सांगा, राखणदार आलाय."