आमच्या चौकातला देशी कॅमेरा

वायरमनमामा कुणाशीही बोलण्याआधी वर बघायचे. तुम्ही रामराम घाला, जयभीम घाला नाहीतर शिव्या घाला, त्यांची मान आधी विजेच्या तारांकडं जायची, मग तुमच्याकडं. जन्म खांबावर गेलेला. "वर ठीक असलं की खाली बोलायला हरकत न्हाई," म्हणायचे. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. घरातसुद्धा आधी पंख्याकडं बघायचे, मग बायकोकडं चहा मागायचे. तीही त्यांना 'आमचे वायरमन' म्हणायची, तिथं आमची काय कथा!

माझं शिलाई मशीन त्यांच्या घरासमोर, चौकाच्या तोंडाशी. ब्लाऊजला काजं करताना मान खाली असते, कान मात्र चौकात असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा हे ऐकीव नाही.

ते दुष्काळाचं साल. बोअरमधून नुसती हवा यायची. त्यात आमच्या गावाला जिल्ह्याचं वेड. जिल्हा होणार म्हणून दर निवडणुकीला फटाके उडतात, आणि धूर विरला की आम्ही आपले तालुक्याचे तालुक्यालाच. पण त्या वर्षी कुणीतरी फारच मनावर घेतलं. जिल्ह्याच्या गावाला शोभलं पाहिजे म्हणून चौकाचौकात कॅमेरे आले. नळाला पाणी नाही, पण आमची तहानलेली तोंडं लख्ख दिसायची सोय झाली.

लातूरचा ठेकेदार कॅमेरे बसवायला आला, तर त्याला कुठल्या खांबावर लाईन चालू आहे तेच कळेना. मामांनी सगळी जोडणी करून दिली. फुकट, पण एका अटीवर. आमच्या चौकातलं चित्र त्यांच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. ठेकेदार घाईत होता, हो म्हणाला.

त्या कॅमेऱ्याला दोन गोष्टी दिसायच्या. एक, टँकर उभा राहतो तो चौक. दुसरी, नगरपालिकेतल्या आमच्या मेंबरच्या मेहुण्याच्या लॉजचं मागचं फाटक. तोपर्यंत टँकर आधी त्या फाटकात शिरायचा, निम्मा तिथं ओतायचा आणि मग चौकात यायचा. आमची गल्ली सगळ्यात शेवटची, आमच्या वाट्याला पाइपातला गाळ. कॅमेरा आल्यावर मामा मोबाईल हातात धरून ओट्यावर बसायला लागले. टँकर जरा वळला की ओरडायचे, "बालाजी, तुझं चाक लॉजकडं चाललंय! रेकॉर्डिंग चालू हाय!" बालाजी ड्रायव्हर गुपचूप स्टेअरिंग सरळ करायचा. आमच्या गल्लीला घागरी भरून पाणी मिळायला लागलं. दुष्काळात दुसरं काय पाहिजे हो माणसाला?

मग वरून हुकूम आला. सरहद्दीपल्याडच्या त्या देशाच्या कंपन्यांचे कॅमेरे सरकारी जागेत नकोत. चित्र परदेशात जातं, देशाला धोका आहे. मला हसूच आलं. म्हटलं, "मामा, आमच्या घागरी बघून त्यांना काय कळणार?"

मामांनी तारांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एका टँकरसाठी आपुन एकमेकांच्या झिंज्या धरतो, ह्ये कळंल की. ह्ये काय लहान गुपित हाय का?"

मला वाटलं, आता हे नगरपालिकेशी भांडतील. छे! मामा म्हणाले, "काढा." त्यांचा पोरगा फौजेत, त्याच सरहद्दीवर, बर्फात. "ज्यांनी माझ्या पोरावर बंदूक रोखलीय, त्यांच्या डोळ्यानं मी पाणी बघू? थू!" मी परत मशीनला पाय लावला.

खांबावर चढायला नगरपालिकेचा माणूस मिळेना, म्हणून मामा स्वतःच चढले. कॅमेरा रुमालात बांधून खाली आले. मेंबरनं नारळ फोडला, मामांना हार घातला, घोषणा झाल्या. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा आनंद मेंबरला कशाचा झालाय, हे त्या वेळी एकीच्याही डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण पडली होती सगळ्यांची.

त्याच आठवड्यात टँकर लॉजमध्ये शिरला. आमच्या गल्लीत सखूबाईच्या घरी बाळंतीण होती, आणि बाळाला अंघोळ घालायला तांब्याभर पाणी नव्हतं. मामा मेंबरकडं गेले. मेंबर म्हणाला, "नवीन देशी कॅमेरा येणार आहे, प्रस्ताव पाठवलाय. देशाच्या कामाला वेळ लागतोच की."

मामा परत आले ते थेट माझ्या मशीनपाशी. त्या दिवशी त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "पोरी, आपला डोळा मी माझ्याच हातानं काढला गं."

मी म्हटलं, "तुमचं काय चुकलं? तुम्ही देशासाठी काढला."

"हाव. त्याचा पस्तावा न्हाई. पर पाण्याचा नंबर गेला ना गल्लीचा." मग तिथंच खाली टेकले. "माझी माय विहिरीपाशी घागर घेऊन उभी ऱ्हायची. विहिरीला हात लावायचा न्हाई. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. तिला नंबरच नव्हता. म्या न्हाई जाऊ देणार ह्यो नंबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाखाली बाज टाकून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मामा बसलेले. टँकर आला, लॉजकडं वळायला लागला.

"बालाजी! रेकॉर्डिंग चालू हाय!"

"कुठं हाय कॅमेरा, मामा?"

"तुझ्याम्होरं बसलाय. देशी हाय. लाईट गेली तरी चालतो!"

बालाजी हसला, पण वळला नाही. पुढंही वळायला धजला नाही, कारण संध्याकाळी मामा चहाच्या टपरीवर दिवसभराचं सगळं मोठ्यानं ऐकवायचे. कुणाचं चाक कुठं वळलं, कुणी कुणाची घागर सरकवली, सगळं नावानिशी. एकदा भर टपरीवर म्हणाले, "आज आमच्या मंडळींनी कळशी मधीच घुसवली." त्यांना रात्री कोरडी भाकरी मिळाली. सकाळी तेही टपरीवर सांगून टाकलं. मेंबरनं माणसाकरवी निरोप धाडला, तुमच्या घरी वेगळी टाकी भरून देतो, जरा डोळा झाका. मामांनी तो निरोपही सगळ्या चौकाला ऐकवला. मेंबर चार दिवस चौकात फिरकला नाही.

पोराचा फोन यायचा. "बाबा, उन्हात बसू नका."

"तू बर्फात ऱ्हा, मी उन्हात ऱ्हातो. हिशेब बरोबर बसतोय." फोन ठेवला की मात्र मोबाईल तसाच हातात धरून बसायचे.

दोन उन्हाळे असे काढले त्यांनी. दुसऱ्या वैशाखात एका दुपारी टँकर रिकामा झाला, बायका घागरी घेऊन गेल्या, मामा बाजेवर आडवे झाले. झोपलेत असं वाटलं आम्हाला. चहा घेऊन मी हाक मारायला गेले, तर अंगावर ऊन आलेलं आणि त्यांना पत्ता नाही. मी तिथंच रस्त्यात बसून रडले. सख्खा मामा गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

पोराला सुट्टी मिळून तो येईपर्यंत अंत्यविधीसाठी थांबलो. मामांना नेलं त्या दिवशी बालाजीनं आख्खा टँकर आमच्या गल्लीत आणला, लॉजकडं बघितलंसुद्धा नाही. पाइप स्वतः धरून प्रत्येक घरची घागर भरली.

पुढं नवीन कॅमेरा आला. अस्सल देशी, तपासून पास केलेला. त्यालाही चौक दिसतो आणि लॉजचं फाटकही दिसतं. आणि बालाजी त्याच्याच खालून टँकर लॉजमध्ये घालतो. तोही पोटासाठी करतो म्हणा. पण मी काही गप्प बसणारी नाही. गेले नगरपालिकेत. तिथल्या बाबूला म्हटलं, "टँकर कुठं जातो ते तुमच्या कॅमेऱ्यात दिसत नाही का?"

"दिसतं की बाई. सगळं जमा होतं."

"मग बघतं कोण?"

बाबूला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "बघायचं कशाला? आता सगळं सुरक्षित आहे."

मी घरी आले. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी आलं नाही.